जावई झोपले कुठे होते

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला ज्या डॉक्टरांनी मेलेला ठरवलं, ते ठरवताना उभेसुद्धा राहिले नव्हते. चालता चालता बोलले. चंद्रपुरातल्या एका खाजगी हॉस्पिटलचा पहिला मजला, पाण्याच्या कूलरजवळची जागा, एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात गाडीची किल्ली. "ब्रेन डेड आहे. फक्त हृदय चाललंय, तेही मशीनमुळे. घरी न्यायचं असेल तर न्या, कागद करायला सांगतो." एवढं बोलून ते जिना उतरून गेले.

या गोष्टीला काही वर्षं झाली. राग निवला असेल असं वाटलं, म्हणून लिहायला बसलो. निवलेला नाही. तेव्हा रागातच लिहितो, पण जे घडलं त्याहून एक शब्दही जास्त लिहिणार नाही.

मी घुग्घुसला वजनकाट्यावर नोकरी करतो. कोळशाचे आणि सिमेंटचे ट्रक काट्यावर चढतात, मी आकडा घेतो. या कामात एक गोष्ट अंगवळणी पडलेली असते. पहिला ट्रक चढवण्याआधी काटा रिकामा असताना शून्य दाखवतो का ते बघायचं. चाकाचा चिखल पाटावर पडून राहिला तरी शून्य येत नाही. तसंच वजन घेतलं तर त्या दिवसाची प्रत्येक पावती चुकते, आणि छापून आल्यावर अगदी बरोबर दिसते. मी डॉक्टर नाही आणि डॉक्टरकीतलं मला काही कळत नव्हतं. पण शून्य न बघता घेतलेलं वजन कसं असतं, हे मला माहीत होतं.

आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्यालाही जावईच म्हणतात. हे जावई गोंडपिपरीकडचे. जंगलाला लागून शेत, त्यात धान. घरात ते, माझी बहीण, त्यांची म्हातारी आई आणि दोन मुली. माणूस बोलका, टवाळ. मी त्यांच्याकडे गेलो की माझ्या हातात पाण्याचा गडू देऊन म्हणायचे, "घ्या भाऊ, वजन करून घ्या, कमी भरला तं सांगा." असा माणूस त्या मजल्यावर काचेच्या दाराआड पडला होता. तोंडात नळी, पापण्यांवर चिकटपट्टी, छाती यंत्राच्या तालावर वरखाली होत होती.

मला जे सांगितलं गेलं ते असं. धान कापून झालं होतं, शेतात कापलेल्या पेंढ्यांचा ढीग, पुंजणं, रचलेलं होतं. जावई घरी खाटेवर झोपले होते. पहाटे पोटात कळा सुरू झाल्या. उलटी झाली. गावच्या वनसमितीच्या अध्यक्षांनी आपली गाडी काढली आणि त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथे पित्ताचं इंजेक्शन मिळालं. थोड्या वेळानं जावयांच्या पापण्या मिटायला लागल्या, त्यांना त्या उघडता येईनात. बोलणं जड झालं. थुंकी गिळता येईना. तिथल्या डॉक्टरांनी लकवा असेल असं म्हणून चंद्रपूरला पाठवलं. वाटेत श्वास उथळ होत गेला.

इथे त्या खाजगी हॉस्पिटलचं देणं मी देऊन टाकतो. त्यांनी दारातच घशात नळी टाकली आणि यंत्रावर घेतलं. त्यांनी ते केलं नसतं तर माणूस पायरीवरच गेला असता. हे मी कधी नाकारलं नाही. माझं भांडण त्यानंतरचं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे डॉक्टर आले, पडद्याआड गेले, बाहेर आले आणि चालता चालता वरचं वाक्य बोलले. मी जिन्यापर्यंत मागे गेलो, पण ते गाडीत बसले होते. मग वॉर्डातल्या तरुण डॉक्टरला गाठलं.

"कोणत्या तपासण्या केल्या?"

"काका, प्युपिल फिक्स आहेत. बॅटरी मारली, बुबुळ लहान होत नाही. छातीवर चिमटा काढला, रिस्पॉन्स नाही."

"आणखी?"

"सीटी स्कॅन केलाय."

"त्यात काय आलं?"

"तसं स्पष्ट काही नाही. सुरुवातीला येत नाही कधी कधी. सूज असू शकते."

"म्हणजे मेंदू मेला, पण कशानं मेला ते माहीत नाही?"

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. काट्यावर आहे."

"मग सरांवर विश्वास ठेवा."

मी मोठ्या आवाजात बोललो असेन, कारण पहारेकरी जवळ येऊन उभा राहिला. त्या तरुणाचा मला राग नाही. त्याच्या डोळ्यांत झोप साचलेली होती आणि तो वरून आलेलं वाक्य खाली देत होता. राग आहे तो त्या वाक्याच्या सहजपणाचा. आमच्याकडे ट्रक परत पाठवायचा असला तरी दोन माणसं बघतात.

बाकड्यावर बहीण बसली होती. बोलत नव्हती, पदराचं टोक बोटाला गुंडाळायची आणि सोडायची. शेजारी तिची सासू. भिंतीला टेकून अध्यक्ष. हे गृहस्थ आदल्या सकाळपासून तिथेच होते, आपली गाडी, आपलं डिझेल, घरी गेलेसुद्धा नव्हते. त्यांनीच विषय काढला.

"भाऊ, आता कायले ताणता? डॉक्टर म्हणून राह्यले नाई म्हणून. जिता जीव घरी नेऊ. मातीत त्याच्या जाईन."

"जिता आहे ना? मग?"

"तसा जिता नाई. तुमाले समजते."

"मला समजत नाही, म्हणून तर विचारतोय."

सासू म्हणाली, "बापू, माह्या लेकाले दवाखान्यात नोका मरू देऊ. आपल्या आंगणात तं जाईन." आणि रडायला लागली. त्या बाईला मी काय सांगणार होतो. तिच्याकडे माणूस घरच्या अंगणात शेवटचा श्वास घेतो, दवाखान्यातून आलेलं प्रेत वेगळं आणि घरी गेलेला माणूस वेगळा. गावाकडे फोन गेले होते. तिरडीचे बांबू तोडायला कोणी जायचं, इथवर ठरलं होतं. आणि हे सगळं बोलणं बाकड्यावर झालं तितकंच खाटेजवळही झालं, कारण नळी काढण्याआधी ज्याला त्याला आत जाऊन बघून यायचं होतं.

मी बहिणीला बाजूला घेतलं. "बाई, तू सांग. सही तुझी लागणार आहे."

ती म्हणाली, "तुमी म्हणसान तसं."

"मी म्हणतो, सरकारी दवाखान्यात न्यायचं. तिथेही हेच म्हणाले तर मीच गाडी करून गावाला आणून देतो."

ती हो म्हणाली. सासू माझ्याशी बोलायची बंद झाली. अध्यक्ष म्हणाले, "काट्यावरचा माणूस, समाधान झाल्याबिगर पावती फाडत नाई." त्यात टोमणा होता, पण स्ट्रेचरचा एक दांडा त्यांनीच धरला. हॉस्पिटलनं सही घेतली की आम्ही सल्ल्याविरुद्ध नेतोय. मेलेल्या माणसाला सल्ल्याविरुद्ध कसं नेतात, हे मी विचारलं नाही. अॅम्ब्युलन्समध्ये एक ब्रदर हातानं फुगा दाबत श्वास देत होता.

सरकारी दवाखान्यातला अतिदक्षता विभाग गच्च भरलेला. खाट मिळायला वेळ गेला. तिथे भूल देणाऱ्या एक डॉक्टर बाई होत्या, त्यांच्याकडे हा विभाग होता. माझ्याच वयाच्या, चष्म्याला दोरी, आवाज बारीक. मी त्यांना पहिल्याच वाक्यात सांगितलं की आधीच्या डॉक्टरांनी ब्रेन डेड म्हटलंय. त्यांनी कागद घेतले, खाटेपाशी गेल्या, पेशंटच्या अंगाला हात लावला आणि सिस्टरला ताप मोजायला सांगितलं. काखेत नाही, आतलं तापमान. चौतीस अंश सेल्सियस आलं, असायला हवं सदतीस.

"एसीत उघडं ठेवलं होतं का यांना?"

मी म्हटलं, चादर होती, पातळ.

मग सुईला लावलेल्या पंपाकडे बघितलं. तो आधीच्या हॉस्पिटलातूनच लावून आला होता. "हे झोपेचं औषध आहे. हे चालू असतानाच तपासलं त्यांनी?"

मला माहीत नव्हतं. कागदावरून दिसत होतं की हो.

त्या रागावल्या नाहीत. निदान दाखवलं नाही. औषध बंद केलं, गरम हवेचं पांघरूण घालायला सांगितलं, पेशंटच्या कानाशी वाकून त्याचं नाव घेऊन सांगितलं की तुम्ही दवाखान्यात आहात, आम्ही बघतोय. मग आम्हाला बाहेर बोलावलं आणि तिथे, औषधांच्या खोक्यांच्या मध्ये उभं राहून, मला जी माहिती त्या पहिल्या मजल्यावर मिळायला हवी होती ती दिली.

त्या म्हणाल्या, मेंदू मेला हे ठरवायची रीत आहे, आणि ती एका माणसाच्या मनावर नाही. अवयवदानाच्या कायद्यात चार डॉक्टरांच्या सह्या लागतात. तपासणी दोनदा करायची, मध्ये किमान सहा तास. त्यात बुबुळावर उजेड टाकायचा, हे खरं. पण डोळ्याला कापसाची वात लावून पापणी मिटते का बघायचं. डोकं इकडून तिकडे वळवून बुबुळं कशी फिरतात बघायचं. कानात बर्फाचं पाणी सोडून डोळे हलतात का बघायचं. घशात नळी फिरवून खोकला येतो का बघायचं. सगळ्यात शेवटी श्वासाची तपासणी. आधी भरपूर ऑक्सिजन द्यायचा, मग यंत्र बाजूला करायचं, बारीक नळीनं ऑक्सिजन चालू ठेवायचा आणि छातीकडे बघत बसायचं. रक्तातला कार्बन डायऑक्साइड एरवी चाळीसच्या आसपास असतो. तो साठच्या वर गेला की जिवंत मेंदू श्वास घेतल्याशिवाय राहत नाही. एवढा वाढूनही छाती हलली नाही, तर मेंदूचं देठ गेलं असं म्हणता येतं.

"मग करा ना," मी म्हटलं.

"नाही करता येत. यातलं काहीही सुरू करण्याआधी तीन गोष्टी लागतात. अंग गरम पाहिजे, छत्तीसच्या वर. अंगात झोपेचं किंवा भुलीचं औषध नको. आणि कारण माहीत पाहिजे. मेंदू मरतो तो कशानं तरी मरतो. मार लागतो, रक्तस्राव होतो, श्वास कोंडतो. ते कारण स्कॅनमध्ये दिसायला हवं. यांचा स्कॅन मला चांगला दिसतोय. पहिल्या दोन गोष्टी मी करते. तिसरी तुम्ही द्या."

मग त्यांनी बहिणीकडे वळून विचारलं, "पहाटे दुखायला लागलं तेव्हा ते कुठे झोपले होते?"

"घरी," बहीण म्हणाली. "खाटेवर."

"खाली नाही ना?"

"नाई. खाटेवर."

हा प्रश्न तालुक्याच्या दवाखान्यातही विचारला गेला होता आणि हेच उत्तर तिथल्या चिठ्ठीवर होतं. खाजगी हॉस्पिटलात तो कोणी विचारलाच नाही, चिठ्ठीवरचं उत्तर तसंच उतरवून घेतलं. आता बाईंनी तो पुन्हा विचारला, जरा वेगळ्या तऱ्हेनं. "काही चावल्यासारखं वाटलं होतं का? मुंगी, डास, काही?"

"नाई."

तिच्या मागे अध्यक्ष उभे होते. मी तिच्याकडे बघत होतो आणि मला फक्त एवढंच कळत होतं की ती फार लवकर उत्तर देतेय. आणि माझ्या डोक्यात एक हिशेब उगाच सुरू झाला होता. त्या घरात खाटा दोन. एकीवर सासू, तिचे गुडघे गेलेत. दुसरीवर दोन्ही मुली.

डॉक्टर बाईंनी खुर्ची ओढली आणि बहिणीला बसवलं. म्हणाल्या, "ताई, मी तुम्हाला भीती घालत नाही. नीट ऐका. असं एक विष असतं, त्यानं मेंदूला काही होत नाही, पण शरीराचा एकेक स्नायू बंद पडतो. पापणी, जीभ, घसा, छाती. बुबुळसुद्धा. अशा माणसावर मी बॅटरी मारली तरी बुबुळ हलणार नाही. चिमटा काढला तर त्याला दुखेल, पण हात उचलता येणार नाही. यंत्र काढलं तर छाती हलणार नाही. मी लिहीन, मेला. आणि तो ऐकत असेल."

बहीण उठली. तिनं अध्यक्षांकडे एकदा बघितलं. मग डॉक्टर बाईंकडे तोंड करून म्हणाली, "वावरात होते. पुंजण्यापाशी. मचाणीवर थंडी वाजते म्हणून खाली तणसीवर झोपले होते."



इथे थोडं सांगायला हवं. त्या वर्षी त्या भागात वाघ फिरत होता, त्यानं एक बाई मारली होती. गावानं सभा घेऊन ठरवलं की अंधार पडल्यावर कोणी वावरात जायचं नाही. जो जाईल त्याला दंड, आणि वर काही बरंवाईट झालं तर गाव त्याच्या मागे उभं राहणार नाही. अध्यक्षांनी घरोघर फिरून हे सांगितलं होतं. ठराव चांगल्या मनानं केलेला होता, मी त्याला वाईट म्हणणार नाही. पण रानडुकरं एका फेरीत पुंजणं उलथून टाकतात, आणि ज्याचं पुंजणं आहे त्याला हे ठरावाहून जास्त कळतं. तेव्हा माणसं चोरून जायची आणि घरची माणसं खाटेचं नाव सांगायची. त्या पहाटे जावई पोट धरून घरी आले, आणि गाडी घेऊन जे दारात आले ते नेमके अध्यक्ष. बहिणीनं तेव्हा खाट म्हटलं, आणि मग ती खाट तिच्या मागे तालुक्याला आली, चंद्रपूरला आली, एका चिठ्ठीवरून दुसऱ्या चिठ्ठीवर गेली. सगळं गाव वाघाला भीत होतं. तणसीत, म्हणजे धानाच्या पेंढ्यात, मण्यार असते, ती रात्री अंगावरून जाते, तिचे दात केसासारखे बारीक, चावलेलं दिसत नाही, दुखतही नाही, पहाटे नुसतं पोट दुखतं. हे त्या गावात पोरांनाही माहीत आहे. पण खाटेवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावली असं कोणाच्या मनात येणार.

अध्यक्ष म्हणाले, "पोरी, मले सांगायचं ना."

"तुमालेच तं सांगता येत नव्हतं," बहीण म्हणाली.

ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यानंतर त्या ठरावाबद्दल ते माझ्यासमोर कधी बोलले नाहीत. दंडही कोणी मागितला नाही.

डॉक्टर बाई तोवर आत गेल्या होत्या. त्यांच्याकडे भुलीच्या कामातलं एक लहान यंत्र होतं, मुठीत मावेल असं. त्याच्या दोन तारा जावयांच्या मनगटाला चिकटवल्या आणि मला काचेतून बघायला सांगितलं. मेंदू मेला तरी हाताची नस आणि स्नायू काही काळ चांगले असतात, विजेचा हलका टोला दिला की अंगठा उडतो. त्यांनी आधी स्वतःच्या मनगटावर लावून दाखवलं, अंगठा टुणकन उडाला. जावयांचा अंगठा जागचा हलला नाही. म्हणजे बिघाड स्नायूत होता. मेंदूबद्दल त्यावरून काहीच म्हणता येत नव्हतं.

मेंदूसाठी दुसरी तपासणी होती, ईईजी. डोक्याला तारा लावून मेंदूतली वीज कागदावर घेतात. त्या म्हणाल्या, ही नेहमी लागत नाही. खाटेजवळची तपासणी पूर्ण करता येत नसेल, तिच्यावर भरवसा ठेवता येत नसेल, तेव्हा अशा जास्तीच्या तपासण्या करतात. मेंदूत रक्त जातंय का बघायचीही तपासणी असते. पण त्या एकट्यानं निकाल देत नाहीत, त्या पहिल्या तपासणीला जोड म्हणून असतात. यंत्र दवाखान्यात होतं, चालवणारा सुटीवर होता. त्याला फोन करून बोलावलं. तोवर सापाच्या विषावरचं औषध सुरू झालं होतं. उशीर झालाय, त्याचा उपयोग किती होईल सांगता येत नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. खरं औषध म्हणजे श्वासाचं यंत्र आणि वाट बघणं.

तो माणूस आला तेव्हा जावयांचं अंग गरम झालं होतं आणि झोपेचं औषध उतरायला पुरेसा वेळ गेला होता. पडद्यावर रेघा उमटल्या. मला रेघा वाचता येत नाहीत. पण मेलेल्याची रेघ सरळ असते, एवढं कोणालाही कळतं, आणि या सरळ नव्हत्या. डॉक्टर बाईंनी बहिणीला आत घेतलं. म्हणाल्या, नाव घेऊन हाक मारा.

आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. तिनं मोठ्या मुलीचं नाव घेऊन तिचे बाबा म्हणून हाक मारली आणि म्हणाली, "आयकून राह्यले का? मी सांगतलं सगळं. वावरातलं."

रेघा बदलल्या. चालवणारा म्हणाला, "मॅडम, जागे आहेत हे."

मी बाहेर आलो आणि व्हरांड्यातल्या नळावर तोंड धुतलं. मला आनंद झाला असं लिहायला हवं. त्या घडीला मला आठवत होता तो बांबू. मनात येत होतं की आम्ही त्या कागदावर सही करून नळी काढून त्यांना गाडीत घातलं असतं, आणि ते जागे असताना गोंडपिपरीच्या रस्त्यावर कोंडून मेले असते. बायको, आई आणि गाव भोवती बसलेलं असतं. कोणाला कधीच कळलं नसतं. हळहळले असते आणि तेरवी केली असती. अशी किती माणसं त्या रस्त्यांनी घरी गेली असतील, याचा आकडा माझ्याकडे नाही. कोणाकडेच नाही, आणि हेच मला सहन होत नाही. ज्याचा आकडाच ठेवला जात नाही, त्याची चूक कधी सापडत नाही.

डॉक्टर बाईंनी खाटेजवळ एक नियम लावला: इथे कोणी रडायचं नाही आणि मरणाचं बोलायचं नाही. सासू येऊन लेकाच्या पायाशी बसायची आणि धानाला काय भाव चाललाय, म्हैस किती दूध देते, हे सांगत राहायची. काही दिवसांनी पायाचा अंगठा हलला. मग भुवई. पापणी शेवटी उघडली. यंत्र एकदम सुटलं नाही, सुटत सुटत सुटलं. सासू माझ्याशी पुन्हा बोलायला लागली, ती इतकंच म्हणाली, "बापू, च्या घेतला का?"

जावई काठी धरून चालायला लागल्यावर मी त्यांना घेऊन त्या खाजगी हॉस्पिटलात गेलो. बहिणीला नको होतं, त्यांनाही नको होतं. मला हवं होतं. भांडायला गेलो नव्हतो. माझं एकच मागणं होतं: आमच्या कागदावर तुम्ही जे लिहिलंत ते चूक होतं, असं लिहून द्या, आणि पुढच्या वेळी हा शब्द वापरायच्या आधी काय काय बघाल ते सांगा.

मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला ओळखलं नाही. ओळख पटल्यावर म्हणाले, "अरे वा, बरे झाले. छान."

"तुम्ही ब्रेन डेड म्हणाला होतात."

"त्या वेळची कंडिशन तशी होती. नातेवाइकांची मानसिक तयारी करावी लागते. आपण बोलताना म्हणतो तसं."

"बोलताना?"

"आणि हिस्टरी तुमच्या लोकांनीच चुकीची दिली. खाटेवर झोपले होते म्हणून लिहिलंय इथे."

हे खरं होतं. ते खरं होतं म्हणून मला जास्त राग आला. मी म्हटलं, "आमची चूक आहे. आम्ही खोटं बोललो. पण तुम्ही विचारलं नाही. कारण न कळता निकाल दिलात. झोपेचं औषध चालू असताना, अंग थंड असताना. आमच्या काट्यावर मी असं केलं तर मला घरी पाठवतील."

"तुमचा काटा आणि माणूस यात फरक आहे," ते म्हणाले.

"तेच म्हणतोय मी."

त्यांनी घंटी वाजवली, पुढचा पेशंट आत आला. कागद बदलून मिळाला नाही. मी दोन ठिकाणी तक्रारी दिल्या, दोन्हीकडून पोच आली, पुढे काही नाही. अजूनही चंद्रपूरला त्या रस्त्यानं जाताना मी दुसऱ्या गल्लीतून गाडी घालतो.

परतीच्या वाटेवर जावई गाडीत माझ्या शेजारी बसले होते. त्यांच्या आवाजाला अजून घोगरेपणा होता. गोंडपिपरीच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा मी पहिल्यांदाच विचारलं, "जवाई, खरंच सगळं ऐकू येत होतं?"

"सगळं नाई. मधात मधात. चिमटा काढला तो आठवते, बेज्या जोरानं काढला. बांबूचं आयकलं. अध्यक्ष म्हणत होते, ओला बांबू नोका आणू, जड जाते."

"भीती वाटली असेल."

"भ्या तं वाटलंच." त्यांनी बशीत चहा ओतला, हातात अजून जोर नव्हता, मी मदत केली नाही कारण ते चिडतात. "पण राग कायचा आला सांगू का? तुमच्या बहिणीचा. जो येईन त्याले सांगे, खाटेवर होते, खाटेवर होते. मी आतून वरडून राह्यलो, तणसीवर, अवं तणसीवर. आवाजच नाई. आन हे आपली खाट, खाट." ते माझ्याकडे बघून म्हणाले, "भाऊ, लग्नात तुमच्या बाबानं खाट तरी देल्ली होती का?"

मी हसलो. हसता हसता माझ्या हातातला चहा सांडला. तेही हसले आणि खोकले, मग मी दुसरा चहा सांगितला.

आता त्या घरात तिसरी खाट आहे. पुंजण्याभोवती जावयांनी तारेचं कुंपण घातलंय, डुकरं तरीही शिरतात. दिवेलागणीला माझी बहीण खाटेवर मच्छरदाणी लावते आणि चारी बाजूंनी गादीखाली खोचते, कोपरे दाबून बघते, पुन्हा बघते. जावई आतून कुरकुरतात की श्वास कोंडते, थोडं सोड. ती सोडत नाही.